पान दोनशे तीनचं सुतक

मर्ल आँटीला उलटं वाचता येत असे. उलटं म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाच्या पुढ्यातला, त्याच्या बाजूने सरळ असलेला कागद. ही विद्या ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. ती लहान असताना बिरंबल गावाबाहेरच्या मिशनवर, म्हणजे आम्हा आदिवासींना ठेवलेल्या वस्तीवर, पत्र्याच्या खोपटांना वारा लागू नये म्हणून आतून वर्तमानपत्रं चिकटवीत. तिच्या खोपटात ती चिकटवणारे आजोबा निरक्षर होते, त्यामुळे निम्मं जग तिला डोकं खाली पाय वर असंच भेटलं. गावातल्या ग्रंथालयात तेव्हा मिशनच्या पोरांना पायरी चढू देत नसत. मग ती भिंत वाचायची. मेंढ्यांचे लिलाव, बुटांच्या जाहिराती, कुणा बिशपचं निधन. सातव्या वर्षी तिने सगळी भिंत संपवली आणि ती शेजारच्यांच्या घरी वाचायला जाऊ लागली.

चौदाव्या वर्षी मिशनच्या मॅनेजरने तिला एका मेंढ्यांच्या रानावर धुणीभांडी करायला पाठवलं, तिथे तिची शाळा संपली. चाळिशी उलटल्यावर ती गावच्या हायस्कूलच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागली. पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घालताना आत हवेचा एकही फुगा राहू न देणारी सगळ्या जिल्ह्यात ती एकटीच, असं मुख्याध्यापिका मिसेस डन्स्टन म्हणायच्या. शाळेत तिला सगळेच आँटी म्हणत. आमच्यात वडीलधाऱ्यांना तसं म्हणतातच. शिक्षक म्हणत, कारण स्टाफरूममध्ये आणि प्रत्येक वर्गात एक लॅमिनेट केलेला तक्ता लावला होता. ‘आपल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या चालीरीतींचा आदर करा’ असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली नऊ मुद्दे होते. मर्लला त्यातले पाच पटत.

कव्हर घालायला हातात येईल ते पुस्तक ती आधी वाचून काढी. त्यात वयात येणाऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या पुष्कळ असत आणि हळूहळू तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. एक गोरा मुलगा असतो. उन्हाळा असतो, नदी असते, आणि एक काळा दोस्त असतो. दोस्ताला मासे कुठे लागतात ते कळतं, फुटबॉल तर झकासच येतो, आणि तो हसतो फार. गोष्ट दोन तृतीयांश झाली की दोस्त मरतो. नाहीतर तुरुंगात जातो. लेखक मनाने अगदीच मऊ असेल तर त्याला बसमध्ये बसवून देतो. मग गोरा मुलगा नदीकडे बघत उभा राहतो आणि मोठा होतो. एक पोरगं मोठं करायला दुसरं एक खर्ची घालायचं, असा एकूण हिशेब.

मर्लने तक्रार केली नाही. ती पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, परतीच्या तारखेची चिठ्ठी असते तिथे कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक एक आकडा टाकू लागली. आपला मुलगा ज्या पानावर जातो तो आकडा. शाळेतल्या आपल्या पोरांना ही खूण माहीत होती.

“आँटी, ह्याचा किती?”

“एकशे ऐंशी.”

“बराच जगला की.”

अशी सतरा पुस्तकं झाली होती.

अठरावं पुस्तक नववीला लावलेलं होतं. ‘पुलाखालचं वर्ष’. त्यात डॅनी नावाचा मुलगा स्वतःची गोष्ट सांगतो आणि त्याचा दोस्त वेस पान दोनशे तीनवर नदीत बुडतो. गॅविन प्रीस सर हे पुस्तक अकरा वर्षं शिकवत होते. प्रीस सर माणूस वाईट नव्हे. गळ्यात ठिपक्याठिपक्यांच्या आदिवासी नक्षीचा टाय घालत, तक्त्यातले नऊही मुद्दे त्यांना तोंडपाठ होते. पान दोनशे तीन आलं की ते दरवर्षी रडत, आणि त्या दिवशी न विसरता मोठा रुमाल आणत.

जून महिन्यात, म्हणजे आमच्याकडे ऐन थंडीत, मर्ल ढकलगाडीवर पुस्तकांच्या अठ्ठावीस प्रती घेऊन त्यांच्या वर्गात गेली. सर फळा पुसत होते. टेबलावर त्यांचं टाचण पडलं होतं आणि मर्ल पलीकडच्या बाजूला उभी होती. तिने वाचलं: ‘प्रकट वाचन. डॅनी – ब्रेडन. वेस – शार्नी (अस्सल वाटेल).’

मर्लने प्रती मोजून दिल्या आणि ती परत गेली.

शार्नी म्हणजे तिच्या बहिणीची नात. म्हणजे तिचीच नात. आमच्यात यात अर्धं-पाव करत नाहीत. बहीण वारल्यापासून पोर मर्लच्याच घरी होती. शाळेत ती सतराच्या सतरा पुस्तकं वाचलेली एकुलती एक मुलगी. घरात आजवर कुणी बारावी पाहिलेली नव्हती. ही पाहील, असं मर्लने मनात धरलं होतं. बोलली मात्र नव्हती, कारण बोललेल्या गोष्टी घरात लगेच सगळ्यांच्या होतात.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी शार्नीने घरात शिरताच दप्तर कोपऱ्यात फेकलं.

“नॅन, मी शाळा सोडतेय. शुक्रवार शेवटचा.”

मर्ल चहा ओतत होती. ती ओतत राहिली.

“आपली रेनी काम करते ना, त्या संत्र्यांच्या शेडमध्ये माणसं घेतायत. शनिवारी दहाची बस. मला पंधरा पूर्ण झालीत, कायद्याने कुणी अडवू शकत नाही.”

“मी कुठे अडवतेय? साखर घे.”

“रोज मलाच उभं करतात. ‘ए भावड्या, मासा लागला बघ’ असलं वाचायचं. आणि वाचून झालं की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो, मीच पकडलाय जणू मासा. शेम वाटते नॅन. वर वेस मुलगा आहे, मी मुलगी. तर सर म्हणतात, त्याने काही बिघडत नाही, तू मनापासून वाच.”

शेम ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. चार माणसांत एकट्यालाच उचलून उभं करणं, मग ते कौतुकासाठी का असेना, यापेक्षा लोक मार खाणं पत्करतात. तक्त्यात हा सातवा मुद्दा होता. सरांना तोंडपाठ होता.

मर्ल बसली. “कितव्या पानावर आलात?”

“एकशे नव्वद.”

“म्हणजे गुरुवारी जाणार तो.”

“गुरुवारी जाणार.”

“त्याची आजी कुठंय पुस्तकात?”

“नाहीये.”

“आई?”

“आहे, एका वाक्यात. दारू पिते.”

“मग मातीला कोण येतं?”

“कोणीच नाही. दोनशे पाचवर डॅनी पुलावर एकटा उभा राहतो आणि त्याला जग कळतं.”

“एकटा.” मर्लने कप खाली ठेवला. “पंधरा वर्षांचं पोर बुडालं आणि चाळीस माणसं जमली नाहीत? सँडविचं कोणी केली?”

शार्नी हसू दाबायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

“तुला शनिवारी जायचं तर जा,” मर्ल म्हणाली. “पण त्याला नीट पोचवून जा. एवढे दिवस तूच बोलतेयस त्याच्या तोंडून. अर्धवट टाकून गेलीस तर बरं दिसणार नाही.”

मर्लचा भाऊ क्लॅरी सत्तरीचा, मिशनवरचा सगळ्यात वडील माणूस. पुस्तकातल्या मुलाला पोचवायचं, हे त्याला अजिबात रुचलं नाही.

“मर्ल, मेलेल्याची थट्टा करू नये.”

“थट्टा त्यांनी केली. मारलं आणि तसंच पाण्यात टाकून पुढचं प्रकरण सुरू केलं. आपण शिस्तीत पोचवतोय.”

क्लॅरीने बुटाची नाडी बांधली. “फुटबॉल खेळायचा?”

“नेहमीप्रमाणे.”

“कुठे?”

“विंगला.”

“काळा टाय इस्त्री करून ठेव मग माझा.”

गुरुवारी चौथ्या तासाला वेस बुडाला. शार्नीने त्याची शेवटची ओळ वाचली, प्रीस सरांनी रुमाल काढला, घडी केला, खिशात ठेवला. मग ते फळ्याकडे वळले. फळ्यावर निबंधाचा प्रश्न होता आणि त्यात वेसचं नाव तीनदा आलं होतं.

“तर, वेसच्या मृत्यूतून डॅनी काय शिकला? शार्नी, तू सांग.”

“नाव घेऊ नका, सर.”

“काय?”

“गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. सुतक असतं.”

वर्गात आपली सहा पोरं होती. सहाही जणांनी खाली बघून मान हलवली. खरं सांगायचं तर बिरंबलमध्ये ही चाल निम्मीच उरली होती. मर्लच्या आजीने पूर्ण पाळली, मर्लने थोडी, आणि ह्या पोरांनी तर गेलेल्या मामांची नावं कुत्र्यांना ठेवली होती. पुस्तकातल्या मुलाला ती लागू पडते का, याबद्दल तर खुद्द मर्लही शपथेवर काही सांगू शकली नसती. पण तक्त्यातला तो दुसरा मुद्दा होता, ठळक अक्षरात.

धान्याच्या कोठारवाल्यांचा ब्रेडन म्हणाला, “पण सर, तो पुस्तकातला आहे. तो नाहीच आहे.”

“ब्रेडन,” सर कडक आवाजात म्हणाले, “आपण आदर करतो.” आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

बोट दाखवून झाल्यावर आपण कुठे येऊन उभे राहिलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. तासाची पंचवीस मिनिटं उरली होती. ‘तो मुलगा’, ‘ज्याच्याविषयी आपण वाचत होतो तो’, ‘डॅनीचा, अं, परिचित’ असं करत त्यांनी ती काढली. फळ्यावरची तिन्ही नावं त्यांनी स्वतःच पुसली. उरलेला प्रश्न असा दिसत होता: ‘च्या मृत्यूमुळे डॅनीला च्या जगाची आणि च्या मैत्रीची ओळख कशी झाली?’ निबंध पुढे ढकलला गेला.

शुक्रवारी शाळेच्या कचेरीत अकरा चिठ्ठ्या आल्या. ‘मृत्यू झाल्यामुळे आज दुपारनंतर मुलाला सोडावे.’ अकरा घरं, अकरा हस्ताक्षरं, मजकूर एक. बारावी सुट्टी मागायला मर्ल स्वतः गेली. मिसेस डन्स्टन खुर्चीतून उठल्या.

“आँटी, कोण गेलं?”

“मुलगा. पंधरा वर्षांचा. नदीत.”

मिसेस डन्स्टन खाली बसल्या. “अरेरे. नाव…”

“नाव घेत नाही.”

“अर्थात. माफ करा.” त्यांनी अर्ज पुढे ओढला. “नातं लिहावं लागतं, आँटी.”

“ते अजून ठरतंय.”

“हो, हो. आणि हे झालं कधी?”

“काल. चौथ्या तासाला.”

त्यांनी ‘काल, चौथा तास’ असं लिहिलं, सही केली आणि मग पेन तसंच धरून त्या अर्जाकडे बघत राहिल्या. मर्लने समोरून आपल्या सुट्टीवरची सही उलटी वाचून घेतली, ठीक होती. ती निघाली. जिन्याजवळ पोचेपर्यंत तिला मिसेस डन्स्टनचा आवाज ऐकू आला: “चौथ्या तासाला नववीवर कोण होतं?”

नदीकाठच्या बागेत दुपारी चाळीसेक माणसं जमली. निम्म्यांना कोण गेलं ते माहीत नव्हतं, पण बोलावणं आलं की जायचं असतं. शेगडीवर सॉसेज आणि कांदा, राखेत भाजलेल्या जाड भाकरी, एका टेबलावर करी पावडर घातलेली अंड्याची सँडविचं, दुसऱ्यावर चहाचं पिंप. एका घडीच्या खुर्चीवर पुस्तकाची एक प्रत ठेवली होती आणि तिच्यावर बॉटलब्रशच्या लाल फुलांची डहाळी. क्लॅरी टाय लावून खुर्चीशेजारी उभा होता आणि कुणी हसलं की त्याच्याकडे बघत होता.

दोनच्या सुमाराला प्रीस सरांची गाडी आली. हातात बिस्किटांचा पुडा होता. समाचाराला जाताना न्यावा तसा, दोन्ही हातांत धरून ते गवतावरून चालत आले. मग त्यांनी खुर्ची पाहिली.

सरांचा चेहरा कपाळापासून खाली तांबडा होत गेला. सर पुडा धरून उभे राहिले आणि हळूहळू त्यांची नजर वर गेली, माणसांच्या डोक्यांवरून, झाडांमधून, नदीकडे.

मर्लने अठरा पुस्तकं वाचली होती. नदीकडे बघत उभा राहिलेला गोरा माणूस पुढच्या पानावर काय करतो ते तिला ठाऊक होतं. ती लगबगीने गेली, पुडा काढून घेतला आणि सरांच्या हातात चिमटा दिला.

“सॉसेज करपतायत,” ती म्हणाली.

सर सॉसेज उलटू लागले. जरा वेळाने क्लॅरी शेगडीपाशी आला.

“ओळखत होता तुम्ही त्याला?”

सरांनी विचार केला. “अकरा वर्षं.”

“म्हणजे अकरा वेळा बुडवलात.”

“मी नाही, लेखकाने…”

“लेखक आलेला नाही. तुम्ही आलात.” क्लॅरीने पाव पुढे केला. “बरं, कुणाचा तो?”

आमच्याकडे नवीन माणसाला हा पहिला प्रश्न. काय करतोस, कुठे राहतोस हे नंतर, वेळ उरला तर.

“म्हणजे?”

“आडनाव काय?”

“पुस्तकात… दिलेलं नाही.”

टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी आयव्ही आँटीचे कान तिखट. “अकरा वर्षं ओळखता आणि आडनाव विचारलं नाहीत?”

सरांनी एक सॉसेज पुन्हा उलटलं, जे उलटायची गरज नव्हती.

मग आडनाव शोधणं आलंच. पोरगं नदीकाठचं, विंगला खेळणारं, फार हसणारं, आई पिणारी. आयव्ही म्हणाली, वरच्या वळणावरच्या मर्फींचा असणार, ते सगळे विंगलाच खेळतात. पर्ल आँटी म्हणाली, मर्फी हसतात कधी? हा आमच्या कोनलींचा. मर्फी माशाच्या बाबतीत ठार आंधळे. दोघींचं चांगलं वाजलं. पूर्वीच्या एका लग्नाचा विषय निघाला, तो मिटवावा लागला. भाकरी संपेपर्यंत असं ठरलं की आई कोनली, बाप मर्फी, आणि आईच्या बाजूने तो शार्नीचा मावसभाऊ लागतो. मर्लने खिशातून सुट्टीच्या अर्जाची प्रत काढली आणि नात्याच्या रकान्यात तसं लिहून टाकलं.

सरांनी कागदाच्या ताटलीत दोन सँडविचं घेतली आणि ते शार्नीपाशी आले.

“सोमवारी आहेस ना?”

“उद्या बस आहे, सर.”

“अजून अकरा पानं राहिलीत.”

“ती डॅनीची. माझा मावसभाऊ गेला. माझं काम संपलं.”

मर्ल शेजारच्याच टेबलावर कप विसळत होती. आधी विसळलेले कप ती पुन्हा विसळायला लागली.

सरांनी सँडविच खाल्लं. “तू वाचशील? डॅनीचं?”

“‘मी गेलो, मी पाहिलं’ ते?”

“सगळं.”

शार्नीने त्यांच्याकडे जरा बारीक डोळे करून पाहिलं. “आणि उजळणीला पुस्तक पहिल्यापासून वाचतो ना आपण? तेव्हा ‘ए भावड्या’ ब्रेडनने वाचायचं.”

“ब्रेडनला ते फारसं… म्हणजे तो मुलगा तसा…”

“त्याने काही बिघडत नाही, सर. मनापासून वाचेल.”

प्रीस सर हो म्हणाले. मर्लने ऐकलं, पण शार्नी काय म्हणाली ते नळाच्या आवाजात राहून गेलं, आणि विचारायचं तिच्या जिवावर आलं. त्या संध्याकाळीही तिने विचारलं नाही. शार्नीने बॅग भरली की नाही हे बघायला ती दोनदा खोलीवरून गेली, दोन्ही वेळा दार लोटलेलं होतं.

शनिवारी पावणेदहाला शार्नी म्हणाली, “नॅन, बसपाशी सोडतेस?”

मर्लने गाडी काढली. पेट्रोलपंपाशी बस उभी होती. शार्नी उतरली, मागच्या सीटवरून एक डबा घेतला आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेली. हातात दुसरं काही नव्हतं.

“रेनीला द्या हा. अंड्याची सँडविचं आहेत, कालची. सांगा, सोमवारी माझं वाचन आहे.”

बस निघून गेली. पुस्तकात असती तर ह्याच पानावर तिला आत बसवली असती.

“चल की,” शार्नी म्हणाली. “गाडी का बंद केलीस?”

“बॅटरी बघत होते,” मर्ल म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

सोमवारी चौथ्या तासाला मर्लला नववीच्या वर्गाबाहेरून ढकलगाडी न्यायची होती. गाडीवर पुस्तक एकच होतं. आत शार्नी वाचत होती, लिलाव पुकारणाऱ्याच्या सपाट आवाजात: “‘मी पुलावर एकटाच उभा होतो. आणि मला कळलं, की आता मी पूर्वीचा राहिलो नाही.’” ती थांबली. वर्गात कुणीतरी खुसखुसलं. “‘त्याने मला किती दिलं होतं.’” मग मागच्या बाकावरून ब्रेडनच बोलला, “ए, मासा तरी दे परत,” आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं फुटली. प्रीस सरांनी रुमाल काढला तो तोंडावर धरायला. महिन्याभराने उजळणीत ब्रेडन बुडाला. त्याला ते मुळीच आवडलं नाही, आणि घरचं कुणी आलं कसं नाही अशी त्याने वर्गात चौकशी केली.

शार्नीने बारावी केली. मध्ये एकदा तिने शाळा सोडली होती, अकरावीत, सहा आठवडे. पण ती भानगड एका मुलाची होती, साहित्याशी तिचा संबंध नव्हता.

मर्ल निवृत्त व्हायच्या वर्षी आकडे पडलेली पुस्तकं एकतीस झाली होती. बत्तिसावं कव्हरसाठी आलं, ते तिने दुपारच्या सुट्टीत वाचायला घेतलं. त्यातली काळी मुलगी दोनशे पानांवर जिवंत होती. अडीचशेवरही होती. शेवटच्या पानावर ती आजीशी भांडत होती आणि चहात साखर किती घालायची ते ठरत नव्हतं. मर्लने पुस्तक मिटलं, उघडलं, पानं गळलीत का म्हणून शिवण तपासली आणि पृष्ठांक सलग आहेत का ते पहिल्यापासून बघितलं. सलग होते. मग तिने कव्हर घातलं, एकही फुगा न ठेवता, आणि पेन्सिल घेऊन शेवटच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

रेघेपुढे थोडी जागा मात्र तिने मोकळी सोडली. लेखकांचा काय भरवसा, दुसरा भाग काढतात.